तुमान जिंकला त्या दिवशी

"आज हरलास तर बरं होईल रे," म्हातारा मोतद्दार येफिम आपल्या तुमान घोड्याच्या कानाशी पुटपुटला.

मागे उभ्या असलेल्या ल्युतोवने ते ऐकले. रशियाहून घोडे घेऊन आलेल्या मंडळींचा तो प्रमुख. "म्हातारबा, जिभेला आवर घाल. तुमान पहिला आला, तर तो बेल्जियमवाला आजच विकत नेतोय त्याला. वरून ठरलंय."

"आणि नाही आला तर?"

"तर ने परत कुबानला. बस दोघं गप्पा मारत."

तुमानला जन्म देताना त्याची आई गेली, तेव्हा येफिमनेच त्याला बाटलीने दूध पाजले होते. त्याला सात वर्षे झाली. रशियात, कुबानकडच्या त्याच्या खोलीत येफिमची वाट पाहणारे दुसरे कोणी नव्हते.

चेक देशातल्या पार्दुबित्सेच्या या अडथळ्यांच्या शर्यतीत पडलेल्या स्वाराला पुन्हा चढून पुढे जाता येई. म्हणून सुटलेला घोडा धरायला मोतद्दार मोठ्या खंदकापलीकडे उभे राहत. येफिमही तिथेच जाऊन थांबला.

घोडे आले. उंच कुंपणावरून तुमान झेपावला, पण मागची टाप खंदकाच्या काठावरून निसटली. स्वार मकार चिखलात फेकला गेला. तुमान धडपडून उठला, अंग झाडले आणि सरळ येफिमकडे चालत आला.

येफिमने लगाम धरला. मागचे दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत चाचपले. कुठे सूज नव्हती. नुसते 'लंगडतोय' म्हटले असते, तरी भागले असते. त्याच्या शब्दावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती.

मकार लडबडलेला धावत आला. "येफिम साव्विच, पाय कसाय?"

येफिम पुन्हा वाकून टाप पाहू लागला.

"अहो बोला की. ते बघा, बाकीचे निघाले नांगरटीत. मी काय इथं बटाटे लावू?"

तुमान कान टवकारून लांब गेलेल्या घोड्यांकडे पाहत होता. त्याचे अंग थरथरत होते. त्याने लगामाला हिसका दिला, मग आणखी एक.

"धड आहे," येफिम म्हणाला आणि त्याने मकारला चढायला गुडघा पुढे केला.

वाटेतल्या ओल्या, नांगरलेल्या शेतात पुढचे घोडे दमले. तुमानने एकेकाला गाठले आणि शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकले. परदेशी घोडा पहिला, असे भोंग्यावरून ऐकू आले. टाळ्या वाजू लागल्या. येफिम टोपी चुरगाळत उभा राहिला.

संध्याकाळी बेल्जियमवाल्याचा मोतद्दार तबेल्यात आला. तांबड्या हातांचा, लाजरा माणूस. तुमानचा दोर घ्यायला त्याने हात पुढे केला. येफिमने दिला नाही.

"आता तमाशा नको," ल्युतोव दबक्या आवाजात म्हणाला.

"देतोय. दमानं."

विकलेल्या घोड्याचा दोर उघड्या हाताने द्यायचा नाही, अशी कुबानकडे रीत आहे; नाहीतर घोडा नव्या घरी झुरतो. येफिमने आपल्या कोटाचे टोक हातावर ओढून त्यात दोर धरला. समोरचा नुसताच पाहत राहिला. मग येफिमने लहान मुलाला शिकवावे तसे त्या माणसाच्या कोटाचे टोक उचलले, त्या टोकाने त्याचा तळवा झाकला आणि त्याची बोटे एकेक करून दोरावर मिटवली.

"असं."

त्या माणसाला भाषा कळली नाही. पण घोड्याच्या गाडीपर्यंत त्याने हात तसाच झाकलेला ठेवला.