तीन फुटक्या पिंपांतून एक

मी एक जुने लाकडी पिंप आहे. सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला कोळमाळ नावाचे पठार आहे, समुद्रसपाटीपासून चार हजार फूट उंच. तिथल्या वाइन कारखान्याच्या दगडी तळघरात मी उभा असतो. माझ्यापुढे सुती दोरी बांधली आहे आणि दोरीला पाटी आहे, 'हात लावू नये'. मित्रांनो, ही पाटी माझ्या भल्यासाठीच आहे. पण तिच्या शेजारी आणखी एक पाटी होती आणि तिच्यावर माझ्याबद्दल चुकीचे लिहिले होते. ती पाटी कशी बदलली, हे तुम्हाला सांगायचे आहे.

हा कारखाना फरामजी नावाच्या पारशी शेटनी १९०९ साली बांधला. पूर्वेच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि डोंगराची थंडी तळघरात बारा महिने टिकायची. पिंपे मात्र परदेशातून यायची. बोटीने मुंबईला, रेल्वेने लोणंदला आणि तिथून बैलगाडीने घाट चढून वर. घाटात गाडी आपटली की एखाद-दुसरे पिंप फुटायचेच. फुटलेल्या पिंपांचा ढीग मागच्या अंगणात पडलेला असे. फरामजींच्या अंघोळीचे पाणी त्याच लाकडांवर तापायचे.

पिंपे धुवायला येसबा नावाचा माणूस होता. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. गावचे सुतार दारूच्या भांड्याला हात लावत नसत म्हणून हे काम त्याच्याकडे आले होते. त्याच्या हातचे पाणी कारखान्यातली इतर माणसे पीत नसत. त्याने धुतलेल्या पिंपातली वाइन मात्र मुंबईच्या मेजवान्यांत जायची. येसबा याबद्दल काही बोलत नसे. तो दुपारच्या सुट्टीत ढिगापाशी बसायचा, फुटक्या पिंपाची एकेक फळी हातात घेऊन तिचा बाक बघायचा आणि परत ठेवून द्यायचा.

असे दोन वर्षे चालले. मग त्याने शेटना विचारून तीन फुटक्या पिंपांच्या धड फळ्या निवडल्या, तासल्या आणि जुन्या लोखंडी कड्यांत बांधायला घेतल्या. पहिल्या वेळी सगळे कोसळले. दुसऱ्या वेळी पिंप उभे राहिले, पण गळू लागले. तिसऱ्या वेळी मी झालो. ते १९३६ साल होते. त्याच्या मदतीला त्याची नऊ वर्षांची मुलगी बायडा असे. ती कडे धरायची, फळ्यांवर गरम पाणी ओतायची आणि ओढ्यावरून लव्हाळ्याची पात कापून आणायची. ती पात सांध्यांत बसवली की पाणी झिरपत नाही.

फरामजींनी मला पाण्याने भरून दोन दिवस ठेवले. मग खाली वाकून त्यांनी आपला पांढरा रुमाल माझ्या बुडाखालून फिरवला. रुमाल कोरडा निघाला. "शाबास," ते म्हणाले. त्या वर्षी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी मला दाखवले. येसबाने पुढे आणखी अकरा पिंपे केली.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत राज्यात दारूबंदी आली आणि कारखान्याला कुलूप लागले. फरामजी वारले. येसबा घरी बसला. १९५६ नंतर त्याच्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढे पाच वर्षांनी तोही गेला. बायडाचे लग्न त्याआधीच लोणंदला, रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या माणसाशी झाले. राखणदारांनी थंडीत एकेक पिंप जाळले. मी तळघराच्या अगदी आतल्या कोपऱ्यात होतो, म्हणून वाचलो. यात माझे काही कर्तृत्व नाही.

चाळीस वर्षे मी कोरडा उभा होतो.

१९९३ साली फरामजींची नात मुंबईहून आली. तिने कारखाना पुन्हा सुरू केला. द्राक्षे आता पलूसहून ट्रकने येऊ लागली आणि रस स्टीलच्या टाक्यांत भरला जाऊ लागला. बंगल्यात पाहुण्यांसाठी सहा खोल्या झाल्या. तळघरात चित्रांचे संग्रहालय झाले. फरामजींच्या पत्नीला, दिनबाईंना, जलरंगाचा छंद होता. त्यांची साठ-सत्तर चित्रे भिंतींवर लागली आणि मधोमध मी.

संग्रहालय सांभाळायला मदन मगदूम आले. ते सांगलीचे जैन गृहस्थ, तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वाइनच्या थेंबालाही त्यांनी कधी बोट लावले नव्हते, पण चित्रांवर त्यांचा जीव होता. प्रत्येक पाटी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली. माझ्या झाकणाच्या एका फळीवर परदेशी शिक्का आहे. तो वाचून त्यांनी माझी पाटी केली, 'फ्रान्समध्ये बनवलेले पिंप. सुमारे १९०८.' मी ती तीन वर्षे वाचत होतो. पिंपाला तोंड असते, पण ते बुचाने बंद असते.

१९९६ च्या डिसेंबरात एका सकाळी दोन पाहुणे आले. एक होता धोंडिराम, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेला. त्याच्याबरोबर त्याची एकोणसत्तर वर्षांची आई होती. बायडाबाई.

आई आयुष्यभर कोळमाळच्या गोष्टी सांगायची, म्हणून धोंडिरामने बंगल्यात एका दिवसासाठी खोली घेतली होती. लहानपणी बायडाबाई या बंगल्याच्या मागच्या पायरीपर्यंतच आली होती. आता ती पुढच्या दाराने आत शिरली होती. तिने पलंगावर बसून पाहिले, उठली आणि म्हणाली, "चल, खाली जाऊ."

मदनरावांनी त्यांना एकेक चित्र दाखवले. दरी, मळे, घाटातल्या गाड्या. बायडाबाई प्रत्येकापुढे थांबली.

"कसं वाटलं, आजी?" मदनरावांनी विचारले.

"जागा बराबर हाय. त्यो जिना, त्यो हौद, समदं हाय. पर माणसं लय बारकी काढल्यात."

मदनराव हसले. ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती.

मग ती माझ्यापुढे आली. दोरी उचलून सरळ आत शिरली आणि दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले.

"आजी, हात लावू नका! पाटी बघा की."

"मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय?"

धोंडिरामने दोन्ही पाट्या वाचून दाखवल्या. बायडाबाईने मान हलवली.

"ह्ये फ्रान्सचं न्हाई. ह्ये माझ्या बानं बांधलंय. मीच कडं धरलं हुतं."

मदनरावांनी तिला झाकणावरचा शिक्का दाखवला. ते नम्रपणे बोलत होते, पण त्यांना हे पटलेले नव्हते. "आजी, तुमच्या वडिलांनी याची दुरुस्ती केली असेल. पण घडण परदेशीच आहे."

धोंडिरामचा चेहरा लाल झाला. "म्हंजी आई खोटं बोलती व्हय? आमच्या मानसांनी निस्तं धुवायचंच काम केलं, आसंच ना? चल आई. इथं ऱ्हायचं न्हाई."

"थांब रं," ती म्हणाली. मग ती मदनरावांकडे वळली. "आवं सायेब, बानं तीन फुटक्या पिंपांचं एक केलंय. झाकणाच्या चार फळ्या हायती. एकीचा शिक्का भाईर ऱ्हायला. बाकीच्या त्यानं उलट्या लावल्या, समदं भाईरनं साफ दिसावं म्हणून. उघडून बघा. आतल्या अंगाला येगयेगळं शिक्कं आसतील."

मदनराव झाकणावर वाकले. हे पडताळून पाहता येणार होते, आणि हीच अडचण होती. सेहेचाळीस वर्षे कोरडे असलेले पिंप कडी सैल करताच ढासळते. संग्रहालयातली सर्वात मोठी वस्तू त्यांच्या हातून मोडली असती. त्यांनी मुंबईला फोन लावला. फरामजींची नात म्हणाली, "मगदूमसर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्यामुळे त्यांचे ओझे वाढलेच.

ते परत आले तेव्हा धोंडिराम पायरीवर पाठ करून बसला होता. बायडाबाई माझ्याशेजारी उभी होती.

"मोडलं तर?" मदनरावांनी विचारले.

"आज उघडलं तर मोडंलच," ती म्हणाली. "आधी तीन दिस पाणी पाजायला लागंल. लाकूड फुगलं की मग कडं काढायचं. मी काढती."

"तुम्ही?"

"मग कोण? तुमी?"

मदनरावांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. शेवटी त्यांनी दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात ठेवली. खोली आणखी तीन दिवस पाहुण्यांच्या नावावर राहील, असे त्यांनी बंगल्यात सांगितले.

पुढचे तीन दिवस माझ्यावर ओली पोती होती. सकाळ-दुपार-संध्याकाळ कोमट पाणी ओतले जाई. पहिल्या दिवशी सगळे पाणी फटींतून वाहून गेले. दुसऱ्या दिवशी निम्मे राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडल्या. इतक्या वर्षांनी फुगताना मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. लाकूड करकरते. त्याला दुखणे म्हणायचे की नाही, मला ठाऊक नाही. धोंडिराम पहिल्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हौदावरून बादल्या आणायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मदनरावांना घेऊन तो ओढ्यावर गेला आणि दोघे लव्हाळ्याची पात घेऊन आले. दोघांच्या विजारी गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी बायडाबाईने पदर खोचला. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात लाकडी खिट्टी. कड्यावर खिट्टी टेकवायची, एक ठोका द्यायचा, वीतभर पुढे सरकायचे. अशी ती माझ्याभोवती फिरत राहिली. ठोके अगदी हलके होते. मदनराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. वरचे कडे निघाले. त्याखालचे सैल झाले. एक फळी कर्र करून बाहेर झुकली. धोंडिराम पुढे धावला.

"हात लावू नगं!" ती ओरडली. तिने तळव्याने ती फळी दाबून धरली, कडे बोटभर खाली घेतले आणि पुन्हा एक ठोका दिला. फळी जागेवर आली. मग तिने बुचाच्या भोकातून काठी घालून झाकण अलगद वर ढकलले आणि दोन्ही हातांनी उचलून घेतले.

झाकणाच्या आतल्या बाजूला वाइनचा लालसर थर साठला होता. मदनरावांनी ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला. हळूहळू एक शिक्का दिसला, बाहेरच्यासारखाच पण अर्धा कापलेला. शेजारच्या फळीवर दुसरा, उलटा, निराळ्या अक्षरांचा. चौथ्या फळीवर तिसरा, त्याच्यावर द्राक्षाच्या घडाचे चित्र. एकाचा दुसऱ्याशी काही मेळ नव्हता.

 मदनराव झाकण मांडीवर घेऊन खालीच बसले.

"आजी," ते म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, आधी नीट बघा, मग काढा. आणि मीच बघितलं नाही."

"उघडल्याबिगर कसं दिसणार तुमाला?" बायडाबाई म्हणाली. "द्या हिकडं. सुकायच्या आत लावाय पायजे."

तिने खाचेत लव्हाळ्याची पात बसवली, झाकण टेकवले आणि कडी पुन्हा खाली ठोकत नेली. या वेळी ठोके जोरात होते. ती दमली, तेव्हा ती सांगेल तिथे धोंडिरामने ठोकले. मला पाण्याने भरले. दुपारपर्यंत सगळे बघत बसले. मग मदनरावांनी खिशातला रुमाल काढला, गुडघे टेकून माझ्या बुडाखालून फिरवला आणि बायडाबाईच्या हातात दिला. तिने तो गालाला लावून पाहिला. पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळच्या गाडीने त्यांना साताऱ्याला जायचे होते. मदनराव नवी पाटी आणि कुंचला घेऊन बसले. त्यांनी पूर्ण नाव विचारले.

"येसबा तुका भिसे," धोंडिराम ताठ उभा राहून म्हणाला. "आन् त्ये फ्रान्सचं खोडून टाका."

"खोडू नका," बायडाबाई म्हणाली. "लाकूड तिथलंच हाय. त्येबी कुनाच्या तरी बानं तासलंच आसंल की."

मदनरावांनी कुंचला थांबवून तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी लिहिले, 'बांधणी : येसबा तुका भिसे, कोळमाळ, १९३६. लाकूड : फ्रान्समधील तीन पिंपांचे. ती बनवणाऱ्यांची नावे ठाऊक नाहीत.'

मित्रांनो, मदनराव आता दर पौर्णिमेला माझ्यावर बादलीभर पाणी ओततात. कोरडे पडलेले पिंप बाहेरून धडच दिसते, म्हणून जुनी वस्तू नुसती बघून सोडू नका, तिला काय हवे ते विचारा. आणि एखाद्या संग्रहालयात गेलात, पाटी वाचलीत आणि तिच्यावर करणाऱ्याचे नाव नसले, तर तिथल्या माणसाला विचारा. त्यालाही ते ठाऊक नसले, तर लगेच पुढे जाऊ नका. जरा बाजूला सरा. कदाचित ज्याला ठाऊक आहे, तो तुमच्या मागेच उभा असेल.