बाहुलीची बाही

ज्या वर्षी आजीची सून दुसऱ्यांदा बाळंत झाली आणि नातीचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात तान्हं बाळ, त्यामुळे नातीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिला शाळेतून एक कागदी बाहुली मिळाली होती. वीतभर उंच, जाड पुठ्ठ्याची, खांद्याशी दोऱ्याच्या गाठी मारून हात हलते ठेवलेली. सुट्टीत बाहुलीला कुठेतरी फिरवून आणायचं आणि तिने काय पाहिलं ते वहीत लिहायचं, असा अभ्यास होता.

मुलगा म्हणाला, "शहराबाहेर ती जुनी बाजारपेठ उभी केलीय, तिकडे जाऊ. लोहार, सुतार, छापखानेवाले, सगळे जुने कपडे घालून जुनी कामं करून दाखवतात. आई, तुझ्या मास्तरांचं शिवणाचं दुकानही तिथे नेलंय म्हणे. मशिनं, टेबलं, सगळं जसंच्या तसं. रविवारी म्हातारा स्वतः येऊन बसतो."

आजी बाळाच्या दुपट्याची घडी घालत होती. ती घडी अर्धीच राहिली.

"जाऊ या," ती म्हणाली. "बाहुलीला कोट मी शिवते."

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. निम्मे हातातल्या कात्रीमुळे आणि निम्मे तोंडातल्या. अडतीस वर्षांपूर्वी ती मास्तरच्या दुकानात कापायच्या टेबलावर होती. तेव्हा बसच्या कंडक्टरांनी घंटीची दोरी ओढायला हात वर केला, की अख्खा कोट पोटावरून वर चढे आणि लोक हसत. तिने आठ महिने रद्दी कापून कापून एक बाही काढली. बगलेतली पट्टी वेगळी जोडलेली नाही, बाहीतूनच निघालेली. हात आभाळाला लावा, कोट जागचा हलायचा नाही.

बसवाल्यांचं सगळं काम मास्तरला मिळालं. गळ्यात हार पडला, प्रशस्तिपत्र चौकटीत बसलं. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, बाही माझी आहे, हे एकदा सगळ्यांसमोर सांगा."

मास्तर चौदा कारागिरांसमोर हसला. "कात्रीला कुणी नाव विचारतं का गं? बोथट झाली की दुसरी आणायची."

आठवड्याभरात त्याने दुसरी आणायची म्हणून तिला कामावरून काढलंही.

जाण्याआधी तिच्याकडे एक काम राहिलं होतं. बाहीचा जुना कागदी फर्मा, ज्यावरून कापड कापत तो, फाटत आला होता, तो पुठ्ठ्यावर उतरवून द्यायचा होता. तिने उतरवला. मापात सूतभर फरक केला नाही. फक्त खांद्याला बाही कुठे जुळवायची ते दाखवणारी खाच, उंदराच्या दाताएवढी, तिने दोन बोटं सरकवून कापली. जुना फर्मा इस्त्रीच्या कोळशात घातला आणि घरी गेली.

पुढचे सगळे कोट बिघडले. घातला की हात पाठीमागे ओढला जाई. बसवाल्यांनी गाडीभर कोट परत पाठवले आणि काम काढून घेतलं. ही बातमी कळली त्या दिवशी ती पोटभर जेवली. पण सांगणार कुणाला? कुणाला न सांगितलेला सूड म्हणजे गाठ न मारलेला टाका. आतल्या आत सुटत राहतो. अडतीस वर्षं सुटत राहिला होता.

त्या दुपारी तिने खाकी कागदाचा बाहुलीएवढा कोट कापला. अंग शिवलं, एक बाही जोडली, दुसऱ्या खांद्याला खाच पाडून तिथली बाही सुटी ठेवली. सुट्या बाहीच्या कडेला नखाच्या टोकाने मापून एक खाच पाडली. चुकीच्या जागी.

"आजी, ही का नाही लावलीस?" नातीने विचारलं.

"ती लावणारा वेगळा आहे."

रविवारी बाजारपेठेत गर्दी होती. नातीने बाहुलीला लोहाराचा भाता दाखवला, छापखान्यात तिच्या कपाळाला शाई लावून घेतली. कात्रीबाई कुठे थांबली नाही. मुलगा मागून म्हणाला, "आई, जरा हळू! गाडी सुटत नाहीये कुठे."

"माझी अडतीस वर्षांपूर्वीच सुटलीय. गप चल."

दुकान खरंच जसंच्या तसं होतं. तिचं कापायचं टेबल, त्याच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीचा डागसुद्धा. भिंतीवर काचेमागे एक कोट आणि शेजारी पुठ्ठ्याचा तो फर्मा. खाली पाटी: 'या बाहीचे जनक' आणि पुढे मास्तरचं नाव. मास्तर खुर्चीत बसला होता. मान कापत होती, पण आवाज खणखणीत.

"बाही मला स्वप्नात दिसली," तो पंधरावीस पाहुण्यांना सांगत होता.

"मग पुढे बंद का पडली?" कुणीतरी विचारलं.

"कापणारे हात नालायक निघाले. दुसरं काय!"

कात्रीबाईने नातीला पुढे केलं. "मास्तर, पोरीच्या बाहुलीची एक बाही राहिलीय. तुमचीच बाही आहे. एवढी लावून द्या."

त्याने तिला ओळखलं नाही. कागदी बाही हातात घेऊन तो खूश झाला. "अरे वा! माप कुणी काढलं? बघा मंडळी, अगदी फर्म्याबरहुकूम. ही खाच बघा. खाचेला खाच जुळवायची, की झालं." त्याने दोन टाचण्या लावल्या आणि कोट बाहुलीला चढवला.

नात आधी बघत राहिली, मग दात नसलेल्या तोंडाने फसफसून हसली. "आजोबा, हिचा हात मागे गेला! ही पाठ खाजवतेय!"

सगळे हसले. मास्तरने टाचण्या काढून पुन्हा लावल्या. हात पुन्हा पाठीमागेच गेला. तिसऱ्यांदा त्याने काचेमागच्या फर्म्याकडे पाहिलं आणि बाहीची खाच त्याच्याशी ताडून बघितली.

"खाच सोडा, मास्तर," कात्रीबाई म्हणाली. तिने बाहुली त्याच्या हातातून घेतली, दोन टाचण्यांत बाही बसवली आणि बाहुलीचा हात वर केला. कोट जागचा हलला नाही. "ती खाच खोटी आहे. मी कापलीय. कात्रीला तुम्ही नाव विचारलं नव्हतं. आता विचारा."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हळूहळू ओळख पटत गेली.

"तू," तो म्हणाला. "खाच तू कापलीस?"

"मीच. आता सांगा यांना, बाही कुणाची ते."

"ते कोट माझ्या पोराने कापले होते," मास्तर म्हणाला. आवाजातला खणखणाट गेला होता. "तुझ्या जागी त्यालाच बसवलं होतं. एकोणीस वर्षांचा. म्हणत होता, बाबा, फर्म्यातच काहीतरी चुकलंय. मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि दुकानाबाहेर काढलं. आजतागायत परत आला नाही."

कात्रीबाईला हे ठाऊक नव्हतं. काम कुणाच्या हातून बिघडलं याची चौकशी तिने कधी केली नव्हती. मुलाने तिचं कोपर धरलं, "आई, चल." ती हलली नाही. तिने आयुष्यभर घोकलेलं वाक्य अजून त्याच्या तोंडून यायचं होतं.

मास्तर टेबलाला धरून उठला. पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "बाही या बाईंची. खाचही यांचीच. थोबाडीत मारणारा हात माझा. पाटीवर तिन्ही लिहा."

मग तो पायरी चाचपत दुकानाबाहेर गेला.

कात्रीबाईने सॉरी म्हटलं नाही, त्यानेही म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर मुलगा एवढंच म्हणाला, "मिळालं का गं तुला हवं ते?"

"मिळालं," ती म्हणाली. बराच रस्ता गेल्यावर तिने विचारलं, "त्याचा पोरगा कुठे असतो, कुणाला माहीत असेल?"

कुणालाच माहीत नव्हतं. तिने पुढे दोन वर्षं शिवणाच्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे विचारणा केली. पत्ता लागला नाही.

नातीने वहीत लिहिलं: 'बाहुलीने लोहार पाहिला. छापखाना पाहिला. माझ्या आजीने एका आजोबांना हरवलं. मग कुणीच आइस्क्रीम घेतलं नाही.' पाटी बदलली, पण तिच्यावर फक्त बाहीच्या कारागिरणीचं नाव आलं. बाकीचं कुणी लिहिलं नाही.

मास्तर बाजारपेठेतल्या त्या रविवारानंतरच्याच थंडीत वारला. त्याचा मुलगा आला नाही. कात्रीबाई त्यानंतर नऊ वर्षांनी, नातीच्या शाळेतल्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी, मशिनजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली.