कडांची तहान

गोंदपाण्याचा तिसरा हातही कडेनं पिऊन टाकला. त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि फळीच्या कापलेल्या बाजूकडे बघत बसला. आत्ता तर ओली, चकचकीत होती, आणि बघता बघता कोरडी ठणठणीत. फळीचा वरचा भाग कसा शहाण्या मुलासारखा एका हातात रंग धरतो. कड मात्र दाबलेल्या भुशाची, तिला कितीही पाजा, तोंड वासलेलंच.

प्लायवूडच्या दुकानदारानं बजावलं होतं की पांढऱ्या गोंदात पाणी घालून आधी कडांना पाजा, वाळू द्या, काचपेपर फिरवा, पुन्हा पाजा. कडांचं पोट भरल्यावरच रंगाचं नाव काढायचं, नाहीतर त्या खरबरीत राहतील आणि पोरीला बोचतील. खाट पोरीसाठी आहे, हे त्यानं दुकानात न विचारता चारदा सांगितलं होतं. दुकानदारानं माप विचारलं, तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "माप माझ्या अंगावर आहे."

आणि ते होतंच. मुलगी सात वर्षांची असताना खुर्चीतच पेंगायची. मग तो तिला उचलून अंथरुणात नेऊन ठेवायचा. डोकं त्याच्या खांद्यावर, पाय त्याच्या नडगीवर आपटत. खांद्यापासून नडगीपर्यंत त्यानं टेप लावली, वर एक वीत सोडली, झाली खाट. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, चौदा मजल्यांच्या उंचीत सुतभर फरक पडला तरी त्याच्या नजरेला खुपायचा. त्याला माप कोण शिकवणार?

त्याच वर्षी घटस्फोट झाला आणि मुलगी आईबरोबर दूरच्या शहरात गेली. पाच वर्षं ती त्याला फोनच्या पडद्यावर भेटत होती. आता मायलेकी परत आल्या होत्या आणि शनिवारी ती पहिल्यांदा त्याच्याकडे येणार होती. रात्री राहशील ना, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "बघते. बरं वाटलं तर राहीन, नाहीतर संध्याकाळी आईला बोलावीन."

ते 'बघते' घेऊनच तो आठवडाभर कामावर गेला.

कामावरून आला की तो कडांपाशी बसायचा. गोंदाचा आंबूस वास, काचपेपरची खसखस, खिडकीतून तिरपं येणारं पिवळं ऊन. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ब्रश हातात धरूनच त्याचा डोळा लागला. खांदा जड वाटू लागला, मानेपाशी कोमट श्वास आला, आणि जागं होऊ नये असं त्याला फार वाटलं. जाग आली तेव्हा पाचवा हात वाळला होता. त्यानं कडेवरून बोट फिरवलं. कड तृप्त होती. मग त्यानं फिकट निळा रंग काढला.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दार उघडताच त्याची नजर आपोआप कमरेच्या उंचीवर गेली. तिथं नुसता बॅगेचा पट्टा होता. चेहरा बराच वर होता.

काय घोळ झालाय ते त्याला तिथंच कळलं. आतल्या खोलीचं दार लोटून घ्यावं म्हणून तो वळला, पण ती चप्पल काढून थेट आत गेली होती.

"ही माझी?"

"मी फोनवर नुसता चेहराच बघत होतो गं," तो म्हणाला. खाट फूटभर वाढवून देतो, आठ दिवस लागतील, आज हवं तर आईला बोलाव, असं तो जमिनीकडे बघत बोलत राहिला.

ती कडेवरून बोट फिरवत होती. इथं इतकं मऊ कसं झालं, तिनं विचारलं. मग त्यानं गोंद, पाणी, काचपेपर, पाचही हात, सगळं नीट सांगितलं, आणि तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बॅग अजून तिच्या खांद्यावरच होती.

तिनं ती उतरवली. खाटेवर कुशीवर आडवी झाली, पाय बाहेर आले तसे आत ओढून घेतले.

"मावते की मी," ती म्हणाली. "आईला सांग, उद्या ये म्हणून."

तो फोन आणायला निघाला. दारातून वळून पाहिलं, तर तिचे गुडघे हनुवटीला भिडले होते, आणि डोळे मिटून ती त्या सात वर्षांच्या मुलीच्या जागेत स्वतःला बसवत होती.