सगळे उतरले

तीन नंबरच्या इमारतीत आगीचा सराव कधी होणार, हे एकूण एक भाडेकरूला त्या दिवशी सकाळीच ठाऊक असायचं. लोकांना ते ठाऊक असतं, याचा पत्ता नसलेलं माणूस एकच होतं, आणि सराव घेणारीही तीच होती.

तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. कमी भाड्याची घरं देणाऱ्या एका संस्थेत ती सुरक्षेचं काम बघायची. शिडीवर चढलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, गच्चीचं कुलूप जागेवर आहे का, जिन्यात कुणी सायकल तर लावून ठेवली नाही ना, गेटवर आल्यागेल्याला हटकतात का, असल्या सगळ्या गोष्टींत नाक खुपसण्याचा तिला पगार मिळायचा. गळ्यात शिट्टी म्हणून शिट्टीबाई. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं, पण तसं तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

सरावाची तारीख ती आपल्या साहेबांनासुद्धा सांगत नसे. पण सराव असला की ती चपला सोडून कापडी बूट घालायची, आणि स्कूटर आत शेडमध्ये न लावता गेटबाहेर लावायची, कारण अग्निशमनच्या गाडीची वाट अडता कामा नये. गेटवरच्या रखवालदारकाकांनी बाहेर स्कूटर आणि पायांत बूट पाहिले की ते झाडू घेऊन जिना झाडायला निघत. एरवी ते त्या जिन्याकडे ढुंकूनही बघत नसत. झाडू चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत घराघरांत गॅस बंद झालेला असे, दूध झाकलेलं असे आणि माणसं चपला घालून दारामागे उभी असत. मग भोंगा वाजला की शाळा सुटल्यासारखी मंडळी खाली.

बाकीच्या इमारतींत लोकांना अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागे. तीन नंबरवाले मात्र भोंगा थांबायच्या आत टाकीजवळच्या मोकळ्या जागेत हजर. शिट्टीबाई माणसं मोजायची, शिट्टी फुंकायची आणि मोठ्यानं म्हणायची, "सगळे उतरले." संस्थेनं या इमारतीला 'नमुनेदार इमारत' अशी पाटी दिली होती. ती काकांच्या केबिनमध्ये लटकत असे आणि काका तिच्या खिळ्याला आपली छत्री अडकवत.

आणि या सगळ्यांत पहिला नंबर कुणाचा, तर शिट्टीबाईच्या मावशीचा. मावशी चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. शिट्टीबाई लहान असताना तिची आई गेली, तेव्हापासून मावशीनंच तिला वाढवलं होतं, याच घरात. सरावाच्या वेळी मावशी गेटजवळच्या बाकावर आधीच बसलेली असे. "ऊन खायला आले होते गं," म्हणायची. या वयातही आमची मावशी रोज खाली येते, असं शिट्टीबाई ऑफिसात ज्याला त्याला सांगायची.

रोज कसली येते! मावशीचे गुडघे कधीच कामातून गेले होते. काकांचा झाडू दारात आला की शेजारचे मास्तर तिला लिफ्टनं खाली नेऊन बाकावर बसवत, कारण भोंगा वाजला की लिफ्ट बंद होते. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दुकान विकून आता ते घरीच बसून लोकांच्या पँटी आखूड करून देत, आणि मावशी त्यांच्या सुईत दोरा ओवून देई, कारण मास्तरांना जवळचं दिसत नसे. त्यांचं त्यांचं चांगलं जमलेलं होतं.

ही लपवाछपवी चालली होती एका नियमामुळे. ज्याला जिना एकट्यानं उतरता येत नाही, त्याला संस्था तळमजल्यावरच्या घरात हलवते. ऐकायला किती छान. पण तीन नंबरच्या तळमजल्यावर राहायची घरं नव्हतीच. तिथे मीटरची खोली, कचऱ्याची खोली आणि ऑफिस. संस्थेची तळमजल्यावरची रिकामी घरं होती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मावशीला काळं कुत्रंही विचारणार नव्हतं. आणि हा नियम लिहिला होता शिट्टीबाईनं. मोठा जीव ओतून लिहिला होता. तिच्या हिशेबी तो म्हाताऱ्यांच्या भल्याचा होता.

दर रविवारी ती मावशीकडे जायची. मावशी खुर्चीतच असायची. "चहा तूच टाक बाई, तुझ्या हातचा बरा लागतो मला," म्हणायची. शिट्टीबाई खूश होऊन चहा टाकायची. शिडीच्या पायाचं रबर झिजलंय हे तिला रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. समोर बसलेली मावशी तासभर उठत नाही, हे मात्र कधी दिसलं नाही.

त्या दिवशी सराव नव्हता. बाहेरच्या भिंतीला रंग देणाऱ्या रंगाऱ्यांची हजेरी घ्यायला ती आली होती. पायांत चपला, स्कूटर आत शेडमध्ये, शिट्टी घरी सरावाच्या पिशवीत. शिडी वर बांधल्याशिवाय चढायचं नाही, हे ती रंगाऱ्यांना समजावत होती आणि रंगारी कंटाळून मान डोलवत होते, तेवढ्यात भोंगा वाजला.

केबिनमधल्या भोंग्याच्या पॅनेलवर कचऱ्याच्या खोलीचा दिवा लागला होता. कुणीतरी तिथे जुनी गादी टाकली होती आणि कुणीतरी त्यावर धड न विझलेली सिगारेट. काकांनी दार उघडलं आणि खोकत परत लावून घेतलं. ते दार घट्ट मिटावं म्हणून शिट्टीबाईनं वर्षभर संस्थेचं डोकं खाल्लं होतं, हे नशीब. तिनं काकांना अग्निशमनला फोन करायला लावलं आणि टाकीजवळ जाऊन उभी राहिली.

कुणीच उतरलं नाही.

आधी तिला वाटलं, येतील. मग गॅलऱ्यांतून एकेक डोकं डोकावलं. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, शेडमधल्या स्कूटरकडे पाहिलं आणि डोकी परत आत गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या हातात कपड्यांचे चिमटे होते.

"बाई, भोंगा बिघडलाय वाटतं तुमचा," ती वरून म्हणाली. "बंद करायला सांगा ना, बाळ झोपलंय."

"बिघडलेला नाही. खाली या सगळे."

"पण आज सराव नाही ना?"

"सराव नाही, म्हणूनच या म्हणतेय."

"छे हो, तुमची स्कूटर तर आत आहे," असं म्हणून त्या बाईनं उरलेला टॉवेल दोरीवर टाकला.

स्कूटरचा इथे काय संबंध, हे शिट्टीबाईला कळेना. क्षणभरच. मग स्कूटर, बूट, काकांचा झाडू असं सगळं तिच्या डोक्यात एकदम जुळलं. इतकी वर्षं ही माणसं आगीतून बाहेर पडायला नव्हे, तिला खूश करायला उतरत होती.

चिडायला वेळ नव्हता. तिनं रंगाऱ्यांना रिकामे डबे बडवायला लावलं. डब्यांचा दणदणाट आणि कचऱ्याच्या खोलीच्या खिडकीतून निघालेला काळा धूर, दोन्ही मिळून लोकांची खात्री पटली. मग मात्र कोण कुठे पळतंय अशी गत झाली. दुसऱ्या मजल्यावरची बाई बाळाला घेऊन अनवाणी आली. शिट्टीबाईनं माणसं मोजली, परत मोजली. मास्तर नव्हते. तिनं बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

"काका, मावशी कुठे आहे?"

काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. गुडघे, लिफ्ट, मास्तर, झाडू. "त्यांनी शपथ घातली होती बाई," ते म्हणाले. "मी तरी काय करणार."

जिन्यावरून माणूस उतरवायची चाकाची खुर्ची याच इमारतीत होती. संस्थेकडे हट्ट करून तिनंच ती आणवली होती, आणि चोरीला जाऊ नये म्हणून ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. किल्ली घरी, शिट्टीशेजारी. एकदा बाहेर पडलेल्यानं काही झालं तरी परत आत जायचं नाही, हेही लोकांना तिनंच घसा फोडून शिकवलं होतं. आता ते सगळे लोक तिच्याकडे बघत होते.

तिनं रुमाल ओला केला, नाकाला लावला आणि आत गेली.

जिन्यात धूर पातळ होता, पण डोळे चुरचुरत होते. पहिला मजला ओलांडून ती वळली आणि थांबली. वरच्या पायऱ्यांवरून मावशी बसून उतरत होती. दोन्ही हात मागे टेकायचे, अंग उचलायचं आणि खालच्या पायरीवर बसायचं. मास्तर तिच्या एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे करून उलटे उतरत होते, म्हणजे ती घसरलीच तर त्यांच्या अंगावर पडावी. दोघंही खोकत होते. मावशीच्या तळहातांची सालटं निघाली होती.

शिट्टीबाईला बघून मावशी थांबली. दम लागला होता, पण बोलायचं ते बोललीच.

"मी माझी मी उतरतेय. तसंच लिही."

शिट्टीबाईनं तिच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी धरलं. तिघं खाली आली तेव्हा अग्निशमनची गाडी गेटातून आत वळत होती.

आग फार नव्हती. गादी जळाली, खोली काळी झाली, तेवढ्यावर निभावलं. लोक वर गेल्यावर शिट्टीबाई बाकावर मावशीशेजारी बसली आणि तिच्या हातांना मलम लावू लागली. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"तुला हलवलं असतं."

"माझ्यासाठी नियम वाकवला नसतास?"

शिट्टीबाईनं विचार केला. "नाही."

"तेच तर. मीच वाढवलीय ना तुला. मला माहीत नाही होय." मावशीनं मलम लावलेला हात फुंकरीनं गार केला. "मला घराबाहेर काढायची पाळी तुझ्यावर यायला नको होती. म्हणून म्हटलं, आपलं आपण निभावून नेऊ."

यावर शिट्टीबाईला रडू आलं. तिनं ते आवरलंही नाही. मावशीनं तिच्या पाठीवर थोपटलं, पण तळव्यानं नाही, मनगटानं, कारण तळवे सोलले होते.

अहवाल तिनं खरा लिहिला. मावशीला जिना उतरता येत नाही, हे लिहिलं आणि तीन नंबरमधले आपले आजवरचे सगळे सराव खोटे होते, हेही लिहिलं. साहेबांना पहिल्या वाक्याचं काही वाटलं नाही, दुसरं मात्र टोचलं.

"हे कशाला? उगाच आपल्याच पायावर धोंडा," ते म्हणाले.

"राहू दे ते. आणि तळमजल्याचा नियम काढून टाकायचाय मला. माणूस हलवायचा नाही, खुर्ची त्याच्या मजल्यावर ठेवायची आणि दोन शेजारी तयार करायचे."

"अहो, नियम तुमचाच आहे ना?"

"म्हणून तर. त्याच्या भीतीनं लोक मला फसवत होते."

साहेबांनी वर विचारतो म्हटलं, आणि वर विचारण्यात बरेच महिने गेले. तोवर मावशीच्या डोक्यावर टांगती तलवार होती. एकदा तिला दुसऱ्या टोकाचं घर दाखवायलाही नेलं. घर स्वच्छ होतं, उजेडाचं होतं, आणि मावशी परत येताना वाटभर आपल्या घराची किल्ली मुठीत धरून बसली. त्या रविवारी चहा टाकताना शिट्टीबाईला कप कुठे ठेवलेत तेही आठवेना.

शेवटी मंजुरी आली. त्यानंतर तीन नंबरमधूनच आणखी तिघं तिला येऊन भेटले. एकाला भोंगा ऐकूच येत नव्हता, एकीला धाप लागायची, आणि तिसरा, जो पाय ओढत चालायचा, तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला दिसलंच असेल." खुर्ची कपाटातून निघाली आणि चौथ्या मजल्यावर मास्तरांच्या दाराबाहेर, बिनकुलपाची, येऊन बसली. मावशी तिच्यात बसून मटार सोलायची. हे नियमात बसत नव्हतं. शिट्टीबाईनं ते पाहिलं आणि मटाराची टरफलं तेवढी उचलायला लावली.

आता ती रोज कापडी बूट घालते आणि स्कूटर रोज गेटबाहेर लावते. उन्हानं स्कूटरची सीट तडकली आहे. काकांनी पहिल्या आठवड्यात जिना तीनदा झाडला, मग नाद सोडला.

असाच एक दिवस भोंगा वाजला. लोक उतरले, पण कसे, तर कुणाच्या तोंडावर साबण, कुणाच्या हातात लाटणं, कुणी कुरकुरत. पूर्वीची ऐट कुठेच नव्हती. साहेबांना तिनं ऐनवेळी बघायला बोलावून घेतलं होतं आणि त्यांचा चेहरा पडला होता. लोक जमले, बराच वेळ गेला, तरी शिट्टीबाई शिट्टी हातात धरून जिन्याच्या दाराकडे बघत राहिली.

सगळ्यांत शेवटी खुर्ची आली. मागे मास्तर, पुढे दुसऱ्या मजल्यावरची बाई, मधे पट्ट्यांनी बांधलेली मावशी. ती भलतीच घुश्शात होती.

"माझा पहिला नंबर घालवलास," ती म्हणाली.

शिट्टीबाईनं सगळे मोजले. मग मावशीला मोजलं. शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकर काही बसेना. शिट्टी सोडून ती नुसतीच हळूच म्हणाली, "सगळे उतरले."

"मोठ्यानं म्हण की," मावशी म्हणाली. "आज खरं आहे."