नियमकाकांच्या पँटमध्ये रुतलेली सुई

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. अंगावर गंजाचे डाग दिसतात म्हणून नाकं मुरडू नका. एके काळी माझं चाक फिरलं की गल्लीतली माणसं म्हणायची, "चला उठा, मास्तर कामाला लागले!"

माझे मालक शिंपीमास्तर. कारखान्यातून निघाले ती थेट त्यांच्या दुकानाच्या खिडकीशी आले. तीस वर्षं ते रोज आधी मला तेल पाजायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. पुढे बापाची बोलणी खात खात त्यांची लेकही माझ्यावर शिकली आणि चांगली तयार झाली.

एके दुपारी नियमकाकांच्या पँटची खालची पट्टी शिवता शिवता मास्तरांचा हात छातीवर गेला. ते पुन्हा उठलेच नाहीत. माझी सुई कापडात तशीच राहिली.

मृत्युपत्रात मला लेकीच्या नावे केलं होतं. सगळी चीजवस्तू ताब्यात घेऊन ज्याची त्याला देण्याची जबाबदारी मात्र नियमकाकांवर होती. काका म्हणजे मास्तरांचे जिवलग दोस्त, शाळेतले निवृत्त कारकून. दुसऱ्याच दिवशी ते कुलूप घेऊन हजर! बरंच झालं म्हणा, कारण थोरला मुलगा मला विकायला गिऱ्हाईक घेऊन दारात उभा होता.

"कोर्टाचा कागद येईपर्यंत इथली सुईसुद्धा हलणार नाही," काकांनी ठणकावलं. मग यादीत लिहिलं, 'शिलाई मशीन एक, सुईखाली पँट एक.'

"काका, अहो ती पँट तुमचीच आहे," लेक म्हणाली.

"असू दे. जसं आहे तसं."

"मग निदान तेल तरी घालू द्या. ही अडकून बसली तर मी खाऊ काय?"

"पोरी, उद्या तुझा भाऊ म्हणेल, काकांनी हिलाच आत सोडलं. मला वर गेल्यावर मास्तरांना तोंड दाखवायचंय."

दार लागलं. चार महिने मी अंधारात होते. भिंतीला ओल आली, तेल सुकून चिकट झालं, चाक जागच्या जागी धरलं. ओरडावं तर तोंड नाही! काका रोज संध्याकाळी यायचे, कुलूप ओढून बघायचे आणि समाधानाने परत जायचे. अहो, कुलूप काय बघता, मला बघा ना!

अखेर कागद आला. लेकीने धावत येऊन चाकाला हात घातला. चाक ढिम्म. ती स्टुलावर बसून रडू लागली.

काकांनी सुईखालचं कापड उचलून पाहिलं. पँटवर गंजाचा हा मोठा डाग!

"आता काय तोंड दाखवू मास्तरांना?" ते पुटपुटले आणि बाह्या सरसावून माझ्यापाशी बसले. तीन दिवस थेंब थेंब रॉकेल, थेंब थेंब तेल. चौथ्या दिवशी मी कुरकुरले आणि फिरले! लेकीने सगळ्यात आधी काकांची पँट पुरी केली.

डाग काही गेला नाही. काका तीच पँट घालून दर रविवारी येतात आणि मला पाजायला दारातूनच तेलाची कुपी मागतात.

मित्रांनो, कुणाची वस्तू तुमच्या हवाली झाली तर कुलूप जरूर लावा. पण अधूनमधून दार उघडून तिला विचारा तरी, "कशी आहेस गं?"