डावा गाल

मयुरीने टॅबलेटच्या पडद्यावरची भिंत बोटांनी ताणून मोठी केली आणि तिच्यावर सुपाचा फोटो पसरला. सकाळीच अंगणात तो अगदी जवळून काढला होता. फोटो पुसट करत नेला तशी विणीची नक्षी विरली, नुसता खरखरीतपणा मागे राहिला. पुण्याच्या एका बालपुस्तकासाठी ती घराचं चित्र रंगवत होती.

आई, वच्छला, मागे उभी राहून पाहत होती. पदर नेहमीसारखा डाव्या गालावर.

"चांगली सपाट होती. खराब काऊन केली?"

"अशी खरी वाटते, आई."

"भिंत सपाट कराले माही कंबर गेली, आन् तू बसल्या बसल्या खरखरीत करून राह्यली!" आई हसली. "चाल, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी धानाची रोवणी करताना बांधीतल्या चिखलात आईला साप चावला. चामोर्शीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीला ठेवायला फोटो हवा होता. घरात होते ते सगळे उजव्या बाजूचे; कुणी मोबाईल उचलला की आई मान वळवायची. आधार कार्डावर चेहऱ्याच्या जागी काळपट डाग उमटला होता. मयुरी पोटात असताना, मोहफुलं वेचायला गेलेल्या आईचा डावा गाल अस्वलाने फाडला होता.

मयुरीने चित्र काढायला घेतलं, समोरून.

कपाळ, भुवया, उजवा गाल एका बैठकीत झाले. डावा गाल तिने आधी नुसता रंगाने भरून ठेवला. रुखमा आत्या चहा घेऊन आली आणि तिथेच थबकली.

"अगदी वच्छला! आता हात नको लावू याले."

"व्रण राह्यला, आत्या."

आत्याने कप खाली ठेवला.

"जलमभर झाकलं तिनं. आता तू गावापुढं उघडं करतं काय? मेलेल्या माणसाले नाई म्हणता येत नाई, पोरी."

 मयुरीने ऐनाच्या झाडाच्या सालीचा फोटो गालावर ठेवला. गाल झाडाचा झाला. पुसला. भेगाळलेली माती ठेवली, तीही पुसली. गोधडीची शिवण थोडी जवळ आल्यासारखी वाटली, पण ती गोधडीचीच राहिली. पेन काचेपासून वितभर वर थांबलं. मनगट दुखेपर्यंत ती तशीच बसली.

"नाई जमत त सोड ना मंग. हट्ट कायले?" आत्याचा आवाज चढला. "दादा, तुमी तरी सांगा इले. लोक जेवाले येतीन का तो गाल पाहाले?"

बाबा, गुणवंतराव, दाराशी बसून होते.  ते उठून आले आणि चित्रापुढे वाकले. इतका वेळ, की आत्यानेच नजर वळवली. आता ते पुसून टाक म्हणतील, असं मयुरीला वाटलं. तिने टॅबलेट दोन्ही हातांनी धरून ठेवला.

बाबांनी उजवा हात बनियनला पुसला. एक बोट चित्रातल्या डोळ्याखाली टेकवलं आणि सावकाश ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. मग ते अर्ध्यापर्यंत परत नेलं, तिथून कानाकडे वळवलं. काचेवर तेलकट रेघ उमटली.

"इथी खोल होतं," ते म्हणाले. "हसली का पुरं भरून ये."

आत्या आत निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

मयुरीचं पेन हललं नाही.

"थांबली काऊन? काढ ना." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले त माह्याहून जास्त ठाऊक असन. तिच्या कुशीत वाढली तू."

मयुरीने पेन खाली ठेवलं. पडदा विझत आला होता. तिने त्याला हात लावला नाही.

"मी कधी पाह्यलंच नाई, बाबा," ती म्हणाली. "मले त्या गालाचं भेव वाटे."