दाराजवळची वाकडी टकळी

मी टकळी बोलतेय. कुणी बडबडायला लागलं की तुम्ही म्हणता, 'झाली याच्या तोंडाची टकळी सुरू.' म्हणजे बोलण्याच्या बाबतीत माझी बदनामी आधीच झालेली आहे. दोन शब्द जास्त बोलले तर रागावू नका. खरं तर टकळीला बोलायला वेळ कुठे असतो? तिनं गरगर फिरायचं, कापसाचं सूत करायचं आणि गप पडून राहायचं. पण मला धड फिरताच येत नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म वर्ध्याकडच्या एका शेडमधला. वीतभर पोलादी सळई, वरच्या टोकाला सूत अडकवायची बारीक आकडी, खाली रुपयाएवढी पितळी चकती आणि तिच्याखाली बोटभर टोक. अशा आम्ही चाळीस जणी एका लाकडी पेटीत बसून मोटारीच्या टपावरून आर्णीला आलो. स्टँडवर हमालानं पेटी वरूनच सोडली. एकोणचाळीस जणींना काही झालं नाही. मी सगळ्यांत खाली होते. माझी सळई चकतीपाशी वाकली ती कायमचीच.

तिथून बैलगाडीनं आम्ही बोरखेडीच्या शाळेत पोचलो. सन एकोणीसशे एकोणसाठ. शाळा म्हणजे कौलांची एक खोली. तिच्यात पहिली ते चौथी असे चार वर्ग चार कोपऱ्यांत बसत आणि चारही वर्गांना मिळून गुरुजी एकच, मारोतराव. डोक्याला काळी टोपी, बोटाला खडू आणि आवाज असा, की वावरातले बैल थबकत. गुरुजी चौथीला अपूर्णांक शिकवायला वळले की बाकीचे तीन वर्ग मोकळे. तिसरीकडे वळले की चौथी मोकळी. एका वर्गाचा तास म्हणजे तीन वर्गांची सुट्टी, असं त्या शाळेचं गणित होतं.

त्या सुट्टीत पोरं काय करत? एकमेकांच्या पाटीवर थुंकत, शेंड्या मोजत, कौलांतल्या चिमण्या मोजत. आम्ही आलो आणि गुरुजींना वाटलं, देव पावला.

"ऐका रे!" पेटी उघडून ते म्हणाले. "ज्या वर्गाले काम नाही, त्या वर्गानं सूत कातायचं. रिकामा वेळ म्हणजे कापूस. कातला तं सूत, नाही तं नुसता केर!"

वाक्य छान होतं. ते त्यांनी फळ्याच्या वर खडूनं लिहूनही ठेवलं. पोरांनी ते वाचलं आणि आठ दिवसांत आमचे भोवरे केले. कुणाची टकळी जास्त वेळ फिरते यावर बोरांच्या पैजा लागत. बाराखडीच्या घोषाचा त्रास होतो म्हणून पहिलीतली पोरं पेळू कानात कोंबत. कातण्यासाठी पिंजून गुंडाळलेल्या कापसाच्या त्या मऊ वाती कानाला फार बऱ्या लागत. आणि तिसरीतल्या उकंडानं तर हळूहळू सगळ्या वर्गाचे पेळू गोळा करून, वर चिंध्या गुंडाळून असा झकास चेंडू केला, की गुरुजींनीही एकदा मधल्या सुट्टीत त्याला लाथ मारली आणि "वा!" म्हणाले. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

मी कुणालाच नको होते. फिरवलं की पिऊन आलेल्या माणसासारखी झोकांड्या खाई आणि सूत तोडी. हातोहात सरकत मी शेवटच्या मुलीपाशी गेले. ती नलू. चौथीत होती, बाबारावांची पोरगी. तीन वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. बाबारावांनी तेव्हाच ठरवलं होतं, की घरात एक वेळ चूल पेटली नाही तरी चालेल, पोरगी शाळेत गेली पाहिजे. नलू दाराजवळ बसे. तिथे बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत सरक असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पण दाराजवळच्या जागेचा एक फायदा होता. आतली जमीन शेणानं सारवलेली, घट्ट. नलूच्या पायाशी उंबरा आणि उंबऱ्यापलीकडे अंगणातली पिठासारखी मऊ धूळ. पहिल्या दिवशी नलूनं मला चार वेळा फिरवलं, मी चारही वेळा पडले. ती चिडली नाही. माझं टोक तिनं निरखून पाहिलं, हात लांब करून धुळीत टेकवलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटीची पेन्सिल झिजते, मी झिजत नव्हते. पोलादाचं अक्षर असं सुरेख उठे, की मलाच माझं कौतुक वाटलं. त्या दिवसापासून चौथीला मोकळीक मिळाली की मी धुळीत उतरे.

दिवाळी झाल्यावर बंजाऱ्यांच्या तांड्यातला धनसिंग आपल्या सात वर्षांच्या जमनीला घेऊन आला. गुरुजींनी तिला पहिलीत बसवलं. पहिलीत जागा नव्हती, म्हणून तीही दाराशी. रोज हजेरी होई.

"जमनी धनसिंग!"

जमनी गुरुजींकडे टुकूटुकू पाही.

"अवो, हजर म्हण!"

जमनी पाही. महिनाभर हेच. शेवटी गुरुजींनी हजेरीपटात तिच्या नावापुढे लिहिलं, 'मुकी'. वाईट मनानं नाही लिहिलं. उसासा टाकून लिहिलं. तिच्या घरी गोरबोली बोलतात आणि इथली मराठी तिच्या कानावरून वाऱ्यासारखी जाते, हे चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाच्या ध्यानात येणार तरी कसं?

एक दिवस गुरुजी तिसरीला नद्या पाठ करून घेत होते. नलूनं माझ्याकडून धुळीत गोल काढला, त्यावर ठिपके दिले आणि खाली लिहिलं, 'भाकर'. जमनी सरकत सरकत जवळ आली. गोलावर बोट ठेवून ती स्पष्ट म्हणाली, "बाटी."

नलू दचकली. "तुले बोलता येते?"

"बाटी," जमनीनं पुन्हा सांगितलं, जणू नलूलाच कमी समजत होतं.

नलूनं क्षणभर विचार केला. मग 'भाकर' पुसलं आणि गोलाखाली लिहिलं, 'बाटी'. अक्षरांवर बोट फिरवत म्हणाली, "बा... टी." जमनीचे डोळे केवढे झाले! दुसऱ्या दिवशी तिनं नलूचा झगा ओढला आणि डोक्यावरून ओढणी घेतल्यासारखं करून म्हणाली, "याडी." बऱ्याच हातवाऱ्यांनंतर कळलं, याडी म्हणजे आई. तेही धुळीत लिहिलं गेलं. मग रोज तसंच. आधी जमनीचा शब्द, त्याचं अक्षर, मग त्याच वस्तूचा मराठी शब्द. कधी गाय, कधी पाणी, कधी गुरुजींची टोपी. नलूलाही गंमत वाटे. एवढ्या दिवसांत तिच्याकडे कुणी काही शिकायला आलं नव्हतं.

आमचं असं चाललेलं असताना होळीच्या सुमाराला धनसिंग शाळेत आला.

"गुरुजी, पोरगी घेऊन चाललो मी."

"काहून गा?"

"तुमी मुकी म्हणता तिले. घरी तं तोंड बंद होत नाही तिचं! इथं येऊन मुकीच होत असंल तं कायले पाठवू? धाकट्या भावाले तरी सांभाळीन."

गुरुजी गडबडले. "आठ दिवस थांब, धनसिंग. येत्या सोमवारी डिप्टी साहेब येऊन राह्यले तपासणीले. पटावर एक पोरगी कमी दिसली तं मलेच इचारतीन."

"सोमवारी मी सोता येतो. तिले काही आलं तं ठेवीन, नाही तं घेऊन जाईन."

नलूनं हे ऐकलं. तिची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली, की माझा बाक आणखी वाढतो की काय असं मला वाटलं.

गुरुजींना मात्र घोर लागला तो सुताचा. साहेब येणार म्हणजे सूत मागणार. सूत होतं एकूण चार बोटं. मग काय विचारता! शनिवारी अख्खी शाळा कातायला बसली. गुरुजीही बसले. त्यांचं सूत विहिरीच्या दोराएवढं जाड निघालं, आणि मध्येच सुटून त्यांच्या टोपीत शिरलं. "सोमवारी घरून कातून आणा, जेवढं होईन तेवढं!" असं ओरडून त्यांनी शाळा सोडली.

सोमवारी डिप्टी साहेब आर्णीहून सायकलनं आले. वाटेत पंक्चर झालेली, तीन मैल सायकल ढकललेली, उपाशी. त्यांनी बसायच्या आधीच सूत मागितलं. उकंडा ऐटीत पुढे झाला. त्याच्या हातात सुताची भलीमोठी गुंडी होती. लालभडक.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बाळ, तुमच्याकडे लाल कापूस पिकतो का?"

उकंडा जराही अडखळला नाही. "साहेब, तो मिरचीच्या वावरातला आहे."

सगळी शाळा फुटली. खिडकीबाहेरून उकंडाच्या आजीचा, तुळसाबाईंचा आवाज आला, "अरे मुडद्या, माही गोधडी उसवली तूनं!"

गुरुजी भिंतीला टेकले. साहेबांनी एकेकाचं सूत पाहत शेवटी दार गाठलं. "तुझं सूत?"

नलू उभी राहिली. "नाही साहेब."

"जराही नाही? मग वर्षभर मोकळ्या वेळात केलंस काय?"

उंबऱ्यापलीकडे धनसिंग उभा होता. नलूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मला जमनीच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "लिव."

जमनी अंगणात उकिडवी बसली. साहेबांकडे तिनं एकदा नीट पाहिलं. त्यांचे सुकलेले ओठ, घामेजलेला सदरा, पोटावर ठेवलेला हात. मग माझं टोक धुळीत रोवून ती लिहू लागली. एक कानाही वाकडा नाही. लिहून झाल्यावर तिनं फडक्यातली आपली भाकरी, वरच्या ठेच्यासकट, साहेबांपुढे धरली.

साहेबांनी वाकून मोठ्यानं वाचलं, "साहेब बाटी खा."

"अरे रामा!" गुरुजी कळवळले. "साहेबांना 'खा' म्हणते!"

"बाटी म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

उत्तर धनसिंगानं दिलं. त्याचा आवाज बदलला होता. "भाकर, साहेब. आमच्या बोलीत भाकरीले बाटी म्हणतेत. पोरगी तुमाले जेवा म्हणते." तो पुढे आला, अक्षरांपाशी बसला. "हे... आमचं बोलणं लिवता येते? मले वाटे, लिवाले फकत तुमचंच बोलणं चालते."

साहेबांनी भाकरी घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठेच्यानं की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. ठेचा सोनीबाईच्या हातचा होता, म्हणजे जमनीच्या आईच्या, आणि त्या ठेच्यानं बैलालाही रडू आलं असतं.

"हिला कुणी शिकवलं?"

गुरुजींनी जमनीकडे पाहिलं, नलूकडे पाहिलं. खोटं बोलायची संधी आयती होती. पण मारोतराव तसा माणूस नव्हता. "मी नाही, साहेब. मी तं तिले मुकी लिहून ठेवलं. या नलूनं शिकवलं."

"तुझं नाव काय, बाई?" साहेबांनी नलूला विचारलं. 'बाई' हे त्यांनी मास्तरीणबाईंना म्हणावं तसं म्हटलं. नलू इतकी लाजली, की तिला आपलं नाव आठवायला वेळ लागला.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'सूतकताई अत्यंत निराशाजनक. मोकळ्या वेळेचा उपयोग उत्तम.' वरचं वाचून गुरुजी रडवेले झाले, खालचं वाचून हसले, आणि मग हजेरीपट काढून 'मुकी' हा शब्द त्यांनी इतका खोडला, की कागदाला भोक पडलं. धनसिंग एकटाच माघारी गेला.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. ज्या वर्गाला मोकळीक, त्यातल्या एकेकानं खालच्या वर्गातला एक जोडीदार धरायचा. उकंडाच्या जोडीला जो आला तो आधी थापा शिकला, पण मग पाढेही शिकला. आणि नलू? गुरुजींनी तिला आत, फळ्यासमोर बसायला सांगितलं. ती बसली. काहींनी अंग चोरलं, तुळसाबाई दोन दिवस कुरकुरल्या. गुरुजींनी आपला सगळा आवाज काढून सांगितलं, "माही शाळा आहे, माह्या मर्जीनं बसवीन!" मग कुरकुर थांबली.

चौथी पास होऊन नलू पुढच्या शिक्षणासाठी आर्णीला आत्याकडे गेली. जाताना गुरुजींनी मला सामानाच्या वहीत 'एक टकळी, वाकडी, निकामी' असं नोंदवून तिच्या हाती ठेवलं. तिनं मला जमनीला दिलं. गाडी नदीपलीकडे जाईस्तोवर जमनी काठावर उभी होती.

आता सन सदुसष्ट चालू आहे. शाळेत दोन गुरुजी आणि दोन खोल्या झाल्या. सूतकताई बंद पडली. माझ्या एकोणचाळीस बहिणी कपाटात गंजून पडल्यात असं ऐकते. चेंडूचं काय झालं ठाऊक नाही. नलू यवतमाळला मास्तरकीचं शिकते. जमनी तांड्यातल्या पोरांना रोज शाळेत सोडायला जाते आणि वाटेत एवढं बोलते, की पोरं पळत सुटतात.

आणि मी? माझी आकडी कधीच तुटली. तांड्यावर सोनीबाई माझ्या टोकानं कांचोळीच्या, म्हणजे तिच्या चोळीच्या कापडाला भोकं पाडते, आरसे टाचायला. दुपारी शेळ्या बाभळीखाली बसल्या, की ती आधी इकडेतिकडे पाहते. कुणी नाही ना? मग कापड बाजूला ठेवते, मला धुळीत टेकवते आणि लेकीनं दाखवलेलं आपलं नाव लिहू लागते. पावलं वाजली की तळहातानं भरकन पुसून टाकते.

तुमच्याही घरात कुणी असं चोरून गिरवत असेल, तर पावलं जरा हळू टाका. बस, एवढंच मागणं. आता थांबते. सोनीबाईनं मला उचललंय. अजून 'सो'वरच आहे ती. पण घाई नाही. शेळ्या उठायला अवकाश आहे.